मिरजेच्या तूनची टेलिकास्टर : कामाच्या नोंदी

९ मार्च

आज ठरवलं आणि लगेच वही काढली. दुकानातलीच जॉब-वही आहे, एचपी, गेज, फेऱ्या अशा रकान्यांची. त्यातच लिहिणार, कारण मापं शोधायची वेळ आली की माझा हात याच वहीकडे जातो.

बनवायची आहे ती पन्नासच्या दशकातल्या घडणीची टेलिकास्टर, म्हणजे फेंडरची इलेक्ट्रिक गिटार. हीच का, ते एकदा लिहून ठेवते. ती काढणाऱ्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलरटनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक बिघडलेले रेडिओ आणि ॲम्प्लिफायर घेऊन यायचे. काय तुटतं, कुठे तुटतं, उघडायला काय त्रास होतो, हे त्याला रोज दिसायचं. १९५० मध्ये त्याने जी गिटार बाजारात आणली तिच्यात ते सगळं उतरलंय. नेक, म्हणजे दांडी, चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी आवळलेली आहे. वायरिंग एका पत्र्याच्या पट्टीखाली, दोन स्क्रू काढले की सगळं हातात. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान गेली सहा वर्षं मी बघते. जी वस्तू उघडता येते तिच्यावर माझा जीव बसतो, आणि ही गिटार उघडण्यासाठीच बनवलेली आहे.

काय विकत, काय घरी: नेक, खुंट्या, ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू) आणि पुढचा पिकअप (तारांचा आवाज विजेत बदलणारी कॉइल) विकत. बॉडी, मागचा पिकअप, पिकगार्ड (बॉडीवर बसणारा पातळ पत्रा) आणि नट (खुंट्यांकडच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) मी करणार.

१६ मार्च

मिरजेला जाऊन आले. सतारमेकर गल्लीतले चाचा बाबांना जुने ओळखतात, त्यांच्या पॉलिशच्या मोटारी आमच्याकडेच येतात. माळ्यावर पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले, खाली तंबोऱ्याच्या दांड्या भिंतीला टेकवलेल्या. मिरजेतल्या शिकलगारांनी हत्यारांना धार लावायचं काम कमी झाल्यावर तंतुवाद्यं करायला घेतली, त्याला आता दीडशेच्या वर वर्षं झाली. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मला हवं होतं तूनचं लाकूड. फेंडरने ॲशचं लाकूड वापरलं, ते इथे मिळत नाही. पण हलकं, वाळलेलं आणि न पिळणारं लाकूड हवं म्हटल्यावर आपल्याकडे तून आहेच, सतारीच्या दांडीला तेच लागतं. चाचांनी सात वर्षं माळ्यावर पडलेली एक फळी काढली, बोटाच्या पेराने टकटक करून कानाशी धरली आणि म्हणाले, "ही घे बेटा. हिच्या टोकाला भेग आहे म्हणून दांडीला चालत नाही, तुला चालंल." पैसे घेतले, पण वजनाचे नाही, फक्त कापणावळीचे.

येताना उंटाच्या हाडाचा एक बोटभर तुकडाही दिला. नटसाठी.

२३ मार्च

भेगेचा भाग कापून दोन तुकडे केले. समोरासमोरच्या कडांना रंधा मारला. दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरल्या, उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा. चौथ्या वेळेला उजेड बंद झाला. फेविकॉल, तीन क्लँप, वर ओला कपडा फिरवून रात्रभर ठेवलं. रंधा मारताना येणारा वास थेट चाचांच्या दुकानाचा.

६ एप्रिल

जाडी ४४.५ मिलिमीटरवर आणली, म्हणजे पावणेदोन इंच. सहा मिलिमीटर प्लायवर आकार काढून टेम्प्लेट केलं, जिगसॉने दोन मिलिमीटर बाहेरून कापलं आणि मग राउटर. राउटर एका वेळेला पाच-सहा मिलिमीटरपेक्षा खोल घालायचा नाही, आणि शिंगाच्या, म्हणजे बॉडीच्या टोकदार कोपऱ्याच्या वळणावर लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेने तर अजिबात नाही. तून मऊ आहे, खपली उडते.

बॉडीचं वजन १ किलो ९८० ग्रॅम. मनासारखं.

१३ एप्रिल

नेकचं पार्सल गेल्या आठवड्यात आलं. मेपलची, २१ फ्रेटची (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), मागे गडद पट्टी. ही पट्टी शोभेची नाही. मेपलची अखंड नेक म्हटली की वरून वेगळा फिंगरबोर्ड नसतो, म्हणून आतला ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी सळई) मागून खाच पाडून घालावा लागतो, आणि ती खाच अक्रोडाच्या पट्टीने बुजवतात. फिंगरबोर्डच्या गोलाईची त्रिज्या सव्वासात इंच, जुन्या मापाची. आजच्या बऱ्याच गिटारी साडेनऊ इंचाच्या, म्हणजे जास्त सपाट असतात. मला कॉर्ड धरायला जुनी गोलाई आवडते, बोटं आपोआप वळतात.

एक गोष्ट मात्र जाहिरातीत लिहिल्यासारखी नाही. जुन्या पद्धतीच्या खुंट्यांसाठी भोकं आहेत असं विक्रेत्याने लिहिलं होतं, आणि भोकं निघाली दहा मिलिमीटरची, आजच्या मोठ्या खुंट्यांची. माझ्या खुंट्यांचे बुश (भोकात बसणारी धातूची कडी) त्यात डुगडुगतात. परत पाठवण्याचा पत्रव्यवहार आठवडाभर केला, मग सोडून दिला आणि बदली बुश मागवले. नेकची सरळ रेषा चांगली आहे. दोन्ही टोकांना तार दाबून मधल्या फ्रेटवर फटीत कागद घालून बघितलं. लाकूड चांगलं आलंय, हे महत्त्वाचं.

४ मे

नेकचा खिसा, म्हणजे ती बसते तो बॉडीतला खळगा. आजचा दिवस सगळ्यात काळजीचा होता.

नेकचं बूड ५६.१ मिलिमीटर निघालं, नकाशात ५५.६. नकाशाप्रमाणे टेम्प्लेट केलं असतं तर नेक बसलीच नसती. म्हणून टेम्प्लेट नेकवरूनच केलं: नेक प्लायवर ठेवली, दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्या चिकटवल्या आणि नेक उचलली. राउटर त्या पट्ट्यांना धरून फिरवला. खोली १५.९. शेवटचे दोन मिलिमीटर अर्ध्या-अर्ध्याने घेतले. नेक दाबून बसते आणि बॉडी उचलली तरी पडत नाही.

स्क्रू घालण्याआधी दोरा. शिवणाचा काळा दोरा नटच्या दोन्ही टोकांपासून ब्रिजच्या पहिल्या आणि सहाव्या भोकापर्यंत ताणून बांधला आणि वरून सरळ खाली बघितलं. दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या कडांपासून सारखे आत हवेत. ब्रिज दीड मिलिमीटर डावीकडे सरकवावा लागला. मग नटपासून बाराव्या फ्रेटचं अंतर मोजलं, ३२३.९. त्याची दुप्पट ६४७.८, म्हणजे साडेपंचवीस इंच बरोबर. ब्रिजची जागा पेन्सिलने पक्की केली.

चार स्क्रूंची भोकं: बॉडीत साडेचार मिलिमीटरची, स्क्रू सैल जाईल अशी. आटे फक्त नेकमध्ये धरायला हवेत. बॉडीतही आटे धरले तर स्क्रू कितीही आवळला तरी नेक आणि बॉडीमध्ये केसाएवढी फट राहते. नेकमध्ये ३.२ चं भोक आणि स्क्रूला मेणबत्ती चोळून. मेपलमध्ये कोरडा स्क्रू घातला तर मुंडकं तुटून हातात येतं.

११ मे

आज चुकलं.

टेलिकास्टरच्या तारा बॉडीच्या पाठीतून आरपार येतात. पाठीमागे प्रत्येक तारेला एक लहान धातूची टोपी असते, फेरूल. म्हणजे सहा आरपार भोकं, आणि पाठीमागे ती एका रेषेत निघायला हवीत. मी ब्रिज पकडून वरून हातड्रिलने आरपार मारली. वरून सगळी बरोबर. बॉडी उलटी केली तर तिसरं भोक एका बाजूला आणि पाचवं दुसऱ्या बाजूला, दीड-दोन मिलिमीटरने. लाकडाच्या रेषांनी बिट ओढून नेला. ४५ मिलिमीटर जाडीत तेवढं पुरतं.

तासभर तशीच बसून राहिले. बाबांनी येऊन बॉडी हातात घेतली, सहाही भोकांतून एकेक सळई घातली आणि कुठली किती वाकडी ते बघितलं. म्हणाले, "दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं मारायचं असतं गं. मध्ये भेटली नाहीत तरी तारेला फरक पडत नाही, डोळ्याला पडत नाही."

दुपारी तूनच्या उरलेल्या तुकड्यातून दोन गोल डट्टे केले, रेषा बॉडीच्या रेषांना जुळवून चिकटवले. पत्र्याच्या पट्टीवर सहा भोकांचा गाईड केला.

१८ मे

गाईड लावून, स्टँडच्या ड्रिलने, पाठीकडून मारलं. रेषेत. डट्टा कुठला ते मला माहीत आहे म्हणून दिसतो.

१५ जून

पाऊस लागला. लाकूडकाम बंद, आता पिकअप.

इथे मी आमच्या घरच्या अंगणात आले. पिकअप म्हणजे सहा चुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची वायर. वरची लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वायरमध्ये वीज येते. मोटारीचंच गणित, उलट बाजूने.

बॉबिनच्या दोन पाट्या मी दुकानातल्या फायबर शीटच्या कापल्या. मोटारीच्या स्लॉटमध्ये पाचरी घालायला आम्ही जी शीट वापरतो ती. फेंडरनेही व्हल्कनाइज्ड फायबरच वापरलं होतं, आणि हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शीटचा रोल काढून कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. चुंबक अल्निको पाचचे (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा मिश्रधातू), ४.८ मिलिमीटर जाडीचे दांडे, विकत घेतले. दाबून बसवले आणि सगळ्याला पातळ वार्निश. उघडी वायर चुंबकाला टेकली तर काही वर्षांनी गंजाने कॉइल तुटते.

वायरचा हिशोब: अमेरिकन ४२ गेज म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, चालतं, त्यात ४६ नंबर ०.०६१ चा. सगळ्यात जवळचा तोच. सीलिंग फॅनला आम्ही ३६ नंबरच्या आसपासची वायर भरतो, ती बोटांना कळते. ४६ नंबर कळत नाही. दिव्याखाली एखादी चमक दिसते तेवढंच. श्वास लागला की हलते.

१६ जून

५,२०० फेऱ्यांवर वायर तुटली. फेल्टचा चिमटा जरा घट्ट होता आणि मशीनचा हात मी एकदम थांबवला. जोड देऊन पुढे जाता येतं. बाबा नुसतं बघत होते. मी विचारलं जोड देऊ का, तर म्हणाले, "आतला जोड आपण कधी गिऱ्हाइकाला दिलाय का?"

सगळं उलगडलं नाही, ब्लेडने कापून काढलं. पुन्हा पहिल्यापासून.

२२ जून

झालं. ८,००० फेऱ्या. फेल्टचा चिमटा काढून टाकला, वायर थेट अंगठा आणि तर्जनीमधून सोडली. ताण बोटांना आपोआप कळत गेला. वायर वर-खाली नेताना मुद्दाम थोडी विस्कळीत नेली. मोटारीत आपण फेरीला फेरी चिकटवून भरतो, कारण स्लॉटमध्ये जागा नसते. इथे थोडं विस्कटलेलं चांगलं, शेजारच्या फेऱ्यांमधलं कपॅसिटन्स कमी राहतं आणि वरचे सूर दबत नाहीत. फुलरटनलाही वायर हातानेच सोडत, म्हणून त्या काळातल्या एका पिकअपसारखा दुसरा नाही.

मीटरवर ६.८ किलो-ओम. मोजून बघितलं तर वायर ११०० मीटरच्या वर गेली आणि तांबं जेमतेम ३० ग्रॅम. दुकानापासून निघालेली वायर एसटी स्टँडपर्यंत पोचेल, आणि ती माझ्या तळहातावर मावते.

२९ जून

मेण. पॅराफिन चार भाग, मधमाश्यांचं मेण एक भाग, पातेल्यात पाणी आणि त्यात डबा. तापमान ६५ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. पिकअप बुडवला की कडेने बारीक बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत ठेवायचा. वीस मिनिटं लागली. हे केलं नाही तर मोठ्या आवाजात फेऱ्या स्वतःच थरथरतात आणि शिट्टी सुटते. आपण मोटारीला वार्निशमध्ये बुडवतो त्याच कारणासाठी.

खाली तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी पाटी बसवली. टेलिकास्टरच्या मागच्या पिकअपला ही पाटी असते आणि त्याच्या आवाजाला जी धार आहे त्यात तिचा वाटा आहे.

१३ जुलै

उतावीळपणा केला. दोन दिवस उघडीप होती म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारायला घेतलं. सँडिंग सीलरचे दोन हात चांगले बसले. लॅकरचा पहिला हात मारला आणि दहा मिनिटांत बॉडीवर दूध सांडल्यासारखा पांढरा पडदा आला. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि आत अडकते. भिंतीवरच्या यंत्रावर आर्द्रता ८८ टक्के.

१४ जुलै

फर्निचर पॉलिशच्या दुकानातून रिटार्डर थिनर आणला, सावकाश उडणारा. त्याचा एक पातळ हात मारल्यावर पांढरेपणा बराच विरला. पण आता थांबते. दसऱ्यापर्यंत स्प्रे-गनला हात नाही. बॉडी कापडात गुंडाळून कपाटावर.

२४ ऑगस्ट

गणपती तोंडावर, दुकानात श्वास घ्यायला वेळ नाही. एवढंच केलं: पिकगार्ड कापला. पॅनेल बोर्डला वापरतो ती काळी हायलम शीट, फिनॉलिक प्लास्टिकची. जुन्या टेलिकास्टरचे काळे पिकगार्डही फिनॉलिकचेच होते. पाच स्क्रू, आठ नाही. आठ १९५९ पासून आले.

१२ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन. आर्द्रता ४१. सकाळी अकरा ते दोन या वेळात गच्चीवर चार पातळ हात, प्रत्येकी पाऊण तासाने. लॅकरमध्ये पिवळ्या डायचे थोडे थेंब. जुन्या टेलिकास्टरचा जो लोण्यात साखर करपवल्यासारखा रंग, तो यावर येणार नाही, कारण ॲश पिवळट असतं आणि तून तांबूस. पहिल्या हातानंतरच दिसलं की हा रंग वेगळा आहे, सतारीकडे झुकणारा. जबरदस्तीने पिवळं केलं नाही. मिरजेच्या लाकडाने मिरजेसारखं दिसावं.

खुंट्यांच्या पाटीवर काही लिहायचं का, याचा विचार करत होते. १९५० मध्ये या गिटारीचं नाव ब्रॉडकास्टर होतं. ग्रेच कंपनीचे ब्रॉडकास्टर नावाचे ड्रम होते, त्यांनी १९५१ च्या सुरुवातीला हरकत घेतली. फेंडरने नवीन नाव ठरेपर्यंत स्टिकरवरचं नाव कात्रीने कापून टाकलं आणि नुसतं आडनाव ठेवून गिटारी पाठवल्या. पुढे लोक त्यांना नोकास्टर म्हणू लागले. माझ्या पाटीवर काहीच नाही. ती दुसऱ्याची सही आहे, ती मी करणार नाही.

२ नोव्हेंबर

लॅकर तीन आठवडे वाळलं. अंगठ्याचं नख दाबून बघितलं, खूण पडली नाही. २००० नंबरच्या पाणकागदाने घासून पॉलिश.

वायरिंग. दोन्ही पॉट (आवाज आणि टोन फिरवायचे नॉब) २५० किलो-ओमचे, लॉग, म्हणजे कानाला सारखा चढ-उतार वाटेल असे. गल्लीतल्या दुकानात लिनिअर देत होते. व्हॉल्यूमला लिनिअर लावला तर आवाज शेवटच्या पाव फेरीतच सगळा पडतो. कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड. स्विच तीन जागांचा. मूळ १९५२ च्या जोडणीत दोन्ही पिकअप एकत्र लागतच नाहीत. एका टोकाला मागचा, मध्ये पुढचा, आणि दुसऱ्या टोकाला पुढचाच पण कपॅसिटरने इतका जाड केलेला की बेस गिटार वाटावी. ती माझ्या उपयोगाची नाही. मी १९६७ नंतरची नेहमीची जोडणी केली, मधल्या जागेवर दोन्ही. वायरींवर मोटारीतली कॉटन स्लीव्ह चढवली, ती जुन्या कापडी वायरसारखीच दिसते.

बाबांनी जॅकवर मीटर लावला. सवयच आहे त्यांची, जॉब बाहेर जाण्याआधी मोजायचा. मागच्या पिकअपवर ६.६ दाखवलं. "सहा पॉइंट आठ होता. दोनशे ओम कुठे गेले?" म्हटलं, व्हॉल्यूमचा २५० किलोचा पॉट त्याच्याशी समांतर आहे. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला, ६.६२ आलं, मान हलवली आणि मीटर ठेवला.

९ नोव्हेंबर

तारा चढल्या. दहा ते शेहेचाळीसचा संच (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात). या जुन्या पद्धतीच्या खुंट्यांत तार आधी कापून तिचं टोक खुंटीच्या मधोमध भोकात खाली खुपसायचं आणि मग गुंडाळायचं. टोक बाहेर राहत नाही, बोटाला टोचत नाही.

नट चाचांनी दिलेल्या हाडातून घडवला. रुंदी ४१.३, पहिली ते सहावी तार ३४.९. हाड घासताना येणारा वास दंतवैद्याकडचा आहे.

पहिली कॉर्ड वाजवली आणि दोन गोष्टी बिघडलेल्या.

एक: मधल्या जागेवर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा. दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याचा कापतो. पुढच्या पिकअपच्या वायरी उलटवणं सोपं वाटतं, पण त्याचं धातूचं झाकण त्याच्याच एका वायरीला जोडलेलं असतं, उलटवलं तर झाकण जिवंत बाजूला जाऊन हात लागला की घुर्र. मागचा उलटवावा तर खालच्या पाटीचीही तीच अडचण. पण तो मी बनवलाय, उघडायला भीती नाही. पाटीची छोटी जोडवायर काढून कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लावली आणि मग वायरी उलटवल्या. मधली जागा भरली. तो आवाज ऐकून मी खुर्चीवरून उठले.

दोन: तिसरी तार मोकळी वाजवली की झणझण. फ्रेट तपासले, नेकला थोडा बाक दिला, सॅडल (ब्रिजवरचा तारेखालचा तुकडा) उचलला. झणझण तशीच. पण कुठल्याही फ्रेटवर दाबली की तीच तार स्वच्छ.

१६ नोव्हेंबर

गिटार घेऊन मिरजेला. चाचांनी कधी टेलिकास्टर हातात घेतली नव्हती. त्यांनी लाकूड आधी बघितलं, पाठीवरून तळवा फिरवला, तिसऱ्या आणि पाचव्या फेरूलपाशी बोट थांबलं. काही बोलले नाहीत. मग तिसरी तार छेडली आणि हसले.

"हिला तर जवारी लागलीय की! आम्ही चार-चार दिवस घोडी घासतो हे आणायला, आणि तू घालवायला आलीस."

मग त्यांनी घोडीचा एक जुना तुकडा काढून दाखवला. सतारीच्या घोडीचा माथा किंचित उतरता असतो. तार त्याच्यावरून एकदम सुटत नाही, हलता हलता थोडी टेकते, थोडी सुटते, आणि त्यातून ते झणझणते सूर फुटतात, तीच जवारी. माझ्या नटमध्ये तेच झालं होतं. तिसऱ्या तारेची खाच मी सपाट घासली होती. फायली पुढच्या बाजूला जरा जास्त टेकल्या असणार, म्हणून खाचेचा उंच भाग मागे, खुंट्यांकडे, आणि फिंगरबोर्डकडच्या कडेवर तार टेकण्याऐवजी तरंगत होती. फ्रेटवर दाबली की नटचा संबंधच संपतो, म्हणून तिथे स्वच्छ. कारण समोर होतं, मी आठवडाभर फ्रेट तपासत बसले होते.

उपाय: खाच मागच्या बाजूला, खुंट्यांकडे उतरती करायची. तार पुढच्या कडेवरूनच सुटली पाहिजे. पण तसं घासलं तर खाच खोल जाते. चाचांनी हाडाचा भुगा खाचेत भरला, त्यावर फेवीक्विकचा एक थेंब. दगड झाला. मग त्यांनी स्वतःची कानस माझ्या हातात दिली, स्वतः नाही घासलं. "तुझं वाद्य आहे." मी घासत होते आणि ते तार छेडत होते, डोळे मिटून. सात-आठ वेळा. एका वेळेला त्यांनी हात वर केला. झणझण गेली होती.

जाण्याआधी त्यांनी ती तार पुन्हा दोनदा वाजवली आणि एका सतारीची तार लगेच तिच्यामागे. दोन्ही एकाच सुरात लावली होती. त्या दोन आवाजांत काय वेगळं आणि काय सारखं, ते मला शब्दात लिहिता येत नाही. रेकॉर्ड करून ठेवायला हवं होतं.

२३ नोव्हेंबर

सेटिंग. ब्रिजला पितळेचे तीनच सॅडल आहेत, प्रत्येकावर दोन तारा. सहाचा ब्रिज सोपा पडला असता, पण पितळेच्या जाड नळीवर दोन तारांचा दाब पडतो तेव्हा जो आवाज येतो त्यासाठीच हे घेतले. अडचण मधल्या सॅडलवर येते. तिसरी तार साधी आणि चौथी गुंडाळीची, दोघींना वेगवेगळी लांबी हवी. सॅडल मधोमध ठेवला तर बाराव्या फ्रेटवर तिसरी पाच सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढते आणि चौथी चार सेंट उतरते. उंचीचे स्क्रू मागेपुढे झुकवून आणि सॅडल तिरका करून ते दोन आणि दोनवर आलं. कानाला पटतंय.

सगळी मापं एकत्र:
नेकचा बाक, सातव्या फ्रेटवर: ०.२५ मिमी
बाराव्या फ्रेटवर तारेची उंची: पहिली १.८, सहावी २.०
मागचा पिकअप ६.८ किलो-ओम, ४६ नंबर, ८,००० फेऱ्या
पुढचा पिकअप ७.२
पूर्ण वजन: ३ किलो २१० ग्रॅम

पहिली तार १.६ वर ठेवून बघितली होती. सव्वासात इंचाच्या गोलाईवर पंधराव्या फ्रेटपाशी तार ताणली की ती पुढच्या फ्रेटवर अडकून सूर मरतो. म्हणून १.८.

ट्यूबलाइटच्या जुन्या चोकखाली वाजवलं तर घुरघुर येते, एकाच गुंडाळीच्या पिकअपला (सिंगल कॉइल) ती येणारच. पोकळ्यांत तांब्याची पट्टी लावली आहे आणि ब्रिज अर्थ केलाय, तारांना हात लागला की आवाज निम्म्यावर येतो. दुकानातला चोक मात्र या आठवड्यात बदलते.

जानेवारीत हवा कोरडी झाली की नेक पुन्हा बघायची, ट्रस रॉड पाव फेरी लागेल असं वाटतंय. तूनचा उरलेला तुकडा २८ सेंटिमीटर लांब आहे, माळ्यावर ठेवलाय.